पहाटेचे भाडेकरू

दरवर्षी १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन येतो. जुन्या संचांचे एखादे प्रदर्शन भरते, आकाशवाणीवर एखादी चर्चा होते आणि 'रेडिओ अजून मेलेला नाही' असे ठासून सांगणारे दोन-चार लेख छापून येतात. असा दिवस असावा ही मूळ सूचना स्पेनची. युनेस्कोने ती २०११ मध्ये मान्य केली आणि संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ १९४६ साली ज्या दिवशी सुरू झाला तीच तारीख निवडली. २०२६ मध्ये त्याला ८० वर्षे झाली. त्याचे गोडवे गायला पुष्कळ जण आहेत. आम्हाला आठवण करून द्यायची आहे ती १९४६च्या त्याच फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील टेक्सास प्रांतात सुरू झालेल्या दुसऱ्या एका केंद्राची. गाव सॅन अँटोनियो, केंद्राचे नाव केसीओआर, रेडिओच्या तबकडीवरील आकडा १३५०. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर स्पॅनिशभाषकाच्याच मालकीचे आणि दिवसभर स्पॅनिशमध्येच गाणारे-बोलणारे हे पहिले केंद्र. 'मुख्य भूमीवर' असे म्हणण्याचे कारण इतकेच की, अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिकोत सान हुआनचे केंद्र १९२२ पासूनच चालू होते. पण तिथे अख्खे बेटच स्पॅनिश बोलणारे.

केसीओआरची कहाणी भाषाप्रेमाची म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. पण तिच्यात जमाखर्चाच्या वहीला जेवढे महत्त्व आहे तेवढे गाण्याच्या वहीला नाही. भाषेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी ती वही एकदा उघडून पाहावी.

त्याआधीची स्थिती काय होती? अमेरिकेत रेडिओ खासगी धंदा म्हणून वाढला. लहरींचे परवाने सरकार देई, पण केंद्र चालवायचे ते जाहिरातींवर. मालक बहुतेक सारे इंग्रजीभाषक गोरे. स्पॅनिशला त्यांच्या केंद्रावर जागा मिळे ती उरल्यासुरल्या वेळेत: पहाटे, रात्री उशिरा, रविवारी भलत्याच वेळी. जो तास इंग्रजी जाहिरातदार फुकटही घेणार नाही, तो एखादा स्पॅनिशभाषक दलाल ठोक भावाने विकत घेई. मग तोच गावातल्या बेकरीवाल्याकडे, न्हाव्याकडे, औषधवाल्याकडे, सिनेमा थिएटरच्या मालकाकडे जाऊन मिनिटांच्या हिशेबाने जाहिराती गोळा करी आणि मधल्या वेळात गाणी वाजवी. तास भाड्याचा, नफा-तोटा त्याचा.

या पद्धतीतले सर्वांत गाजलेले नाव पेद्रो गोन्सालेस यांचे. मेक्सिकन क्रांतीत ते पांचो व्हियाच्या सैन्यात तारमास्तर होते. पुढे लॉस एंजेलिसला आले आणि १९३०च्या सुमारास बरबँकच्या केईएलडब्ल्यू केंद्रावर त्यांनी पहाटेचा कार्यक्रम सुरू केला. त्यांच्या गायकमंडळीचे नाव 'लॉस मादरुगादोरेस', म्हणजे भल्या पहाटे उठणारे. केंद्राच्या मालकाच्या लेखी पहाटे चारची वेळ मेलेली होती. पण फळबागांत, वीटभट्ट्यांवर, रेल्वेमार्गावर राबायला जाणारे हजारो मेक्सिकन मजूर नेमके त्याच वेळी उठून चूल पेटवत असत. मालकाने टाकाऊ म्हणून विकलेला तास या श्रोत्यांच्या दिवसातला एकमेव मोकळा तास होता. कार्यक्रम तुफान चालला.

चालला आणि खुपूही लागला. ते दिवस महामंदीचे. मेक्सिकन मजुरांना गाड्यांत भरून सीमेपार पाठवण्याचा सपाटा चालू होता. पाठवलेल्या लाखो लोकांत अमेरिकेत जन्मलेली मुलेही होती. गोन्सालेस याविरुद्ध रेडिओवर बोलत. १९३४ मध्ये बलात्काराच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. आरोप करणाऱ्या मुलीने पुढे जबाब फिरवला, पण शिक्षा फिरली नाही. सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात काही वर्षे काढल्यावर १९४० मध्ये त्यांना सोडले आणि मेक्सिकोला हद्दपार केले. पुढे कित्येक दशकांनी ते अमेरिकेत परतू शकले आणि वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, १९९५ मध्ये, वारले. हा माणूस शहरातला सर्वांत लोकप्रिय स्पॅनिश आवाज होता, पण त्याच्या पायाखालची फळी परक्याची होती. भाडेकरूला घर सोडायला किती वेळ लागतो?

आता सॅन अँटोनियोकडे वळू. टेक्सासातले हे शहर मुळात स्पॅनिश वसाहतीचेच. मेक्सिकन वस्ती मुख्यतः पश्चिम भागात, दाटीवाटीने. हजारो बायका पिकॅन नावाच्या अक्रोडासारख्या फळाची कवचे फोडण्याच्या कामावर जात. १९३८ मध्ये मजुरी आणखी कापली गेली तेव्हा सुमारे १२,००० कामगारांनी संप केला. त्यांची पुढारी एमा तेनायुका अवघ्या एकवीस वर्षांची होती. याच शहरातल्या भाजीबाजाराच्या चौकात, प्लासा देल साकातेमध्ये, संध्याकाळी ट्रक लागत, तिखट मांसरश्श्याच्या गाड्या उभ्या राहत आणि गाणारी कुटुंबे टेबलाटेबलाशी जाऊन नाण्यांसाठी गात. लिडिया मेंदोसा ही पोर तिथेच बाराशे भानगडींच्या कलकलाटात बारा तारांची गिटार घेऊन गाई. मानुएल कोर्तेस नावाच्या निवेदकाने तिला ऐकले आणि आपल्या 'ला व्होस लातिना' या रेडिओ कार्यक्रमात नेले. तो कार्यक्रमही भाड्याच्याच वेळेतला. १९३४ साली एका ध्वनिमुद्रण कंपनीने शहरातल्या हॉटेलात तात्पुरता स्टुडिओ थाटून तिचे 'माल ओम्ब्रे' मुद्रित केले आणि ती सीमेच्या दोन्ही बाजूंना घराघरांत पोहोचली. या गाण्याचे शब्द तिला लहानपणी मिळाले ते च्युइंगमच्या वेष्टनावर. त्या काळी वेष्टनांवर गाणी छापत आणि ही मुलगी ती जपून ठेवी. १९९९ मध्ये याच बाईंना अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक मिळाले. चौकातल्या टेबलापासून राष्ट्राध्यक्षांपर्यंतच्या वाटेवर पहिली पायरी रेडिओची होती.

मानुएल कोर्तेस वेगळे आणि केसीओआरचे संस्थापक राऊल कोर्तेस वेगळे. आडनाव एक, माणसे दोन; वाचकाने गल्लत करू नये. राऊल यांचा जन्म १९०५ चा, मेक्सिकोतल्या व्हेराक्रूस प्रांतातला. सॅन अँटोनियोत आल्यावर त्यांनी कपड्याच्या दुकानाच्या दर्शनी काचा सजवल्या, बिअर कंपनीचा माल खपवला, 'ला प्रेन्सा' या स्पॅनिश दैनिकात बातमीदारी केली. ही तीन कामे एका ओळीत वाचली की पुढचा रेडिओमालक दिसू लागतो: गिऱ्हाइकाच्या डोळ्याला काय खेचते ते ठाऊक, दुकानदाराच्या गल्ल्याशी बोलायची सवय आणि वस्तीतल्या बातमीची नस हातात. त्यांनीही सुरुवात भाडेकरू म्हणूनच केली. शहरातल्या केएमएसी केंद्राकडून वेळ विकत घ्यायचा, गाण्यांचे-नकलांचे कार्यक्रम करायचे, जाहिराती आणायच्या.

पण हा भाडेकरू हुशार. १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, त्यांनी स्वतःच्या केंद्रासाठी परवान्याचा अर्ज केला. त्या वेळी इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या कार्यक्रमांकडे सरकार संशयाने बघत होते. कोण जाणे, गाण्याआडून शत्रूला काय कळवतील! परभाषेतील संहितांवर सेन्सॉरची नजर असे. अशा वेळी परभाषेतले नवे केंद्र मागणे म्हणजे पोलीस चौकीत जाऊन मिरवणुकीची परवानगी मागण्यासारखे. कोर्तेस यांनी अर्जात लिहिले की, या केंद्राचा एक हेतू मेक्सिकन-अमेरिकन समाजाला युद्धकार्यासाठी उभे करण्याचा असेल. युक्तिवाद बिनतोड होता. सैन्यात मेक्सिकन वंशाची मुले लाखांनी लढत होती आणि त्यांच्या आयांशी बोलायचे तर इंग्रजी कामाची नव्हती. काही जण याला लाचारी म्हणतील. आमच्या मते हा शुद्ध व्यवहार होता. सत्तेपुढे हक्काची भाषा चालत नाही तेव्हा तिला तिच्या गरजेची भाषा ऐकवावी लागते. केंद्र सुरू होईतो युद्ध संपले होते. परवाना मात्र हातात राहिला.

१९४६ चा मुहूर्तही अचूक निघाला. युद्धावरून परतलेल्या तरुणांच्या खिशात पैसे होते, घरे बांधायची होती, लग्ने व्हायची होती. दुसरीकडे मोठ्या अमेरिकन ध्वनिमुद्रण कंपन्यांनी टेक्सासच्या स्पॅनिश संगीतातून अंग काढून घेतले होते. युद्धकाळात लाखेची टंचाई, त्यात वादकांच्या संघटनेचा मुद्रणावरचा बहिष्कार, मग खपाची शाश्वती नसलेल्या मालाकडे कोण बघणार? ही पोकळी गावोगावच्या छोट्या कंपन्यांनी भरली. अ‍ॅलिस नावाच्या गावात, ज्यूकबॉक्सचा धंदा करणाऱ्या अर्मांदो मार्रोकिन यांनी उभी केलेली 'आयडियल' ही त्यांतली अग्रगण्य. तबकडी काढणारे इथलेच, गाणारे इथलेच, आणि ती वाजवायला आता केंद्रही इथलेच.

काय वाजे? मेक्सिकोहून आलेले बोलेरो आणि रांचेरा तर होतेच. तिकडे एक्सईडब्ल्यू या बलाढ्य केंद्राने १९३० पासून आगुस्तिन लारा, पेद्रो व्हार्गास अशी नावे साऱ्या खंडाच्या ओठांवर नेऊन ठेवली होती. पण टेक्सासचे स्वतःचे बोलणे वेगळ्या वाद्यात होते. बटणांचे अकॉर्डियन आणि त्याच्या जोडीला बाहो सेक्स्तो हे बारा तारांचे जाडजूड वाद्य यांचा ताफा म्हणजे कोन्हुंतो. जर्मन आणि चेक शेतकऱ्यांनी आणलेले अकॉर्डियन मेक्सिकन शेतमजुरांनी उचलले, पोल्का उचलला आणि दोन्हींना असे काही वळण दिले की मूळ मालकांनीही ओळखू नये. नार्सिसो मार्तिनेस हे या बाजाचे आद्य गुरू. गंमत अशी की, शहरातल्या सुखवस्तू मेक्सिकन घरांत कोन्हुंतो हलके मानले जाई. गुत्त्यातले, मजुरांचे संगीत! त्यांना हवा असे सॅक्सोफोन-ट्रम्पेटचा साग्रसंगीत वाद्यवृंद. आपल्याकडे तमाशातली लावणी दिवाणखान्यात यायला किती काळ गेला हे आठवले म्हणजे यात नवल वाटणार नाही. स्पॅनिश केंद्राला दोन्ही घरांशी सोयरीक ठेवणे भाग होते, कारण गादी-कपाटाच्या दुकानाला गिऱ्हाईक दोन्हीकडचे हवे. जातीपातीचा हिशेब जिथे बुद्धीने सुटत नाही, तिथे कधी कधी तो जाहिरातदार सोडवतो.

आणखी एका वर्गाला या केंद्राने जगवले. बोलपट आल्यापासून तंबूतले आणि रंगमंचावरचे स्पॅनिश नट देशोधडीला लागले होते. लालो आस्तोल हे त्यांतले एक. अशा नटांना केसीओआरवर सूत्रसंचालन, नकला, श्रुतिका यांत काम मिळाले. थिएटर बंद पडले, पण त्याचा आवाज वाचला.

कोर्तेस यांच्या आयुष्यातला सर्वांत विचार करायला लावणारा पेच मात्र संगीताबाहेरचा आहे. १९४८ मध्ये ते 'लुलाक' या लॅटिन-अमेरिकन नागरिकांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष झाले. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने आपली अधिकृत भाषा म्हणून निवडली होती इंग्रजी. चांगले इंग्रजी शिका, निष्ठावंत नागरिक व्हा, मग हक्क मागा, असे तिचे धोरण. दिवसभर स्पॅनिश ऐकवणाऱ्या केंद्राचा मालक इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या संघटनेचा अध्यक्ष! विसंगती वाटते, पण त्यांना ती जाणवली असेल असे दिसत नाही. त्याच वर्षी बॅस्ट्रॉपच्या शाळांविरुद्धचा डेलगाडो खटला निकालात निघाला. टेक्सासच्या शाळांत मेक्सिकन मुलांना वेगळ्या, बहुधा पडक्या इमारतींत बसवत. कारण सांगत भाषेचे. प्रत्यक्षात चांगले इंग्रजी येणारे मूलही केवळ आडनावापायी त्याच इमारतीत ढकलले जाई. न्यायालयाने ही विभागणी बेकायदा ठरवली. फक्त पहिल्या इयत्तेत, इंग्रजी न येणाऱ्यांसाठी, त्याच आवारात वेगळा वर्ग ठेवायला मुभा दिली. या खटल्यासाठी पैसा उभा करण्यात कोर्तेस पुढे होते. मुलाला शाळेत इंग्रजी मिळाले पाहिजे आणि घरी आईला रेडिओवर स्पॅनिश मिळाले पाहिजे, या दोन मागण्यांत त्यांना भांडण दिसले नाही. भाषेच्या प्रश्नावर 'हे की ते' एवढाच पर्याय ओळखणाऱ्या आपल्या वाद-चर्चांना ही समज अजून यायची आहे.

पुढे मात्र वहीने दगा दिला. १९५५ मध्ये कोर्तेस यांनी दूरचित्रवाणीत उडी घेतली. केसीओआर-टीव्ही, वाहिनी क्रमांक ४१, हे मुख्य भूमीवरचे पहिले स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्र. अडचण तांत्रिक होती आणि जीवघेणी होती. वाहिनी अतिउच्च वारंवारितेच्या पट्ट्यात होती आणि तेव्हाचे बहुतेक संच तो पट्टा पकडतच नसत. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागे. पश्चिम भागातल्या गरीब घराने आधी संच घ्यायचा, वर हे यंत्र घ्यायचे? सर्व संचांत हा पट्टा हवाच असा कायदा अमेरिकेने १९६२ मध्ये केला. तोवर खेळ संपला होता. तोटा सोसवेना, तेव्हा १९६१ मध्ये कोर्तेस यांनी वाहिनी विकली. घेणाऱ्या गटात त्यांचे जावई एमिलियो निकोलास होते आणि पाठीशी पैसा होता एमिलियो अस्कारागा यांचा. होय, मेक्सिकोच्या एक्सईडब्ल्यूचे संस्थापक तेच. वाहिनीचे नाव केडब्ल्यूईएक्स झाले, तिच्याभोवती देशभरचे स्पॅनिश जाळे विणले गेले आणि १९८०च्या दशकात, परकीय मालकीच्या वादातून हस्तांतर होऊन, त्याची 'युनिव्हिजन' झाली. अमेरिकेतली ही सर्वांत मोठी स्पॅनिश वाहिनी एका रेडिओवाल्याच्या फसलेल्या धाडसातून उगवली. राऊल कोर्तेस १९७१ मध्ये वारले. त्या वाहिनीचा पूर्ण विस्तार त्यांनी पाहिला नाही.

रेडिओ केंद्राचे पुढे काय झाले? तेही हात बदलत गेले. छोट्या मालकाकडून मोठ्याकडे, मोठ्याकडून समूहाकडे. २००३ मध्ये युनिव्हिजनने देशातली सर्वांत मोठी स्पॅनिश रेडिओ कंपनीच विकत घेतली आणि त्या व्यवहारात केसीओआरही आले. म्हणजे लेकीच्या घरी आई राहायला आली. लेकीला पुढे आई जड झाली. २०२२ मध्ये कंपनीने दहा शहरांतली १८ रेडिओ केंद्रे सुमारे सहा कोटी डॉलरला विकायला काढली. त्या दहा शहरांत सॅन अँटोनियो होते. घेणारी कंपनी दोन लॅटिना स्त्रियांनी नव्याने उभारलेली. तिच्यापुढचे आव्हान सोपे नाही. मध्यम लहरींवरचे केंद्र आज विकत घेणे हेच धाडस आहे. तरुण श्रोता फोनवर ऐकतो, आणि मोटारी बनवणाऱ्या काही कंपन्यांनी विजेवरच्या गाड्यांतून मध्यम लहरींचा रेडिओच काढून टाकल्याने तिथल्या संसदेत त्याविरुद्ध विधेयक आणावे लागले.

या साऱ्यात आपल्या कामाचे काय? मुंबईत खासगी एफएम वाहिन्या येऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. महाराष्ट्राच्या राजधानीत मराठी गाणी वाजावीत यासाठी आंदोलने झाली, निवेदने दिली गेली, काही काळ गाणी वाजली, पुन्हा विरली. कारण ऐकू येते ते एकच: मराठीला जाहिरात नाही. हे कारण १९४०च्या सॅन अँटोनियोत स्पॅनिशला सांगितले जात होते, आणि तेव्हा स्पॅनिश बोलणारा मराठी माणसाहून कितीतरी गरीब आणि असहाय होता. कोर्तेस यांनी केंद्रमालकाशी भांडण केले नाही. ते बेकरीवाल्याकडे गेले. मराठीतून गिऱ्हाईक मिळते हे दादरच्या सराफाला, पुण्याच्या बिल्डरला, कोल्हापूरच्या चप्पलवाल्याला दाखवून देणारा, त्यांच्याकडून वर्षाची जाहिरात पक्की करून मग परवान्याच्या लिलावात उतरणारा मराठी उद्योजक आम्हाला अजून दिसायचा आहे. मोर्चाने गाणे एक आठवडा वाजते.

अर्थात बाजाराच्या खांद्यावर बसून आलेली भाषा बाजार खांदा झटकेल तेव्हा खाली येते, हेही याच केंद्राच्या इतिहासात लिहिलेले आहे. म्हणून कोर्तेस यांनी बाजारातून मिळवलेले आधी कुठे लावले ते महत्त्वाचे: न्यायालयात, शाळेच्या दारात.

सॅन अँटोनियोत आज साठ टक्क्यांहून अधिक लोक हिस्पॅनिक आहेत. स्पॅनिश केंद्रेही अनेक आहेत. आणि अमेरिकेत नियम असा आहे की प्रत्येक केंद्राने तासागणिक आपली परवान्यावरची अक्षरे आणि गाव उच्चारलेच पाहिजे. मालक कितीही बदलले तरी केसीओआर ही चार अक्षरे बदललेली नाहीत. पहिले अक्षर सरकारने ठरवून दिलेले. उरलेली तीन कोर्तेस या आडनावाची आहेत.